माहं नाव गंगाआजी नाही

माहं नाव यशोधरा. सासरचं आडनाव मेश्राम, गावात मले यशाबाई म्हणतात, तुम्ही काही म्हणा, फक्त ते गंगाआजी नोको. ते काय आहे ते सांगते पुढं. पहिले नावाचंच सांगते, कारण आमच्या घरात नाव म्हणजे साधी गोष्ट नाही. माह्या आजीचं नाव होतं कचरी. तेव्हा आमच्यात असेच नावं ठेवत, कचरी, धोंडी, उकंडी, नाव ऐकलं का समोरचा समजून जाये का हे लेकरू कोणाच्या वस्तीतलं आहे. दीक्षेच्या सालात माहा आजा पायी पायी नागपूरले गेला, उसनं पांढरं धोतर नेसून, अन् तिकडून वापस आला तं त्यानं घरातले जुने देव टोपल्यात भरले, नदीत सोडले, अन् म्हणे आता या घरात कचरी-धोंडी जन्माले येणार नाही. आजी बिचारी कचरीच राहिली मरेपर्यंत, पण तिच्या नातींचे नावं पहा, एक यशोधरा, एक सुजाता, एक महामाया. माहा बाप मले कधी यशा म्हणे नाही, पूर्ण नावानं हाक मारे, अन् मुद्दाम मोठ्यानं मारे, वस्तीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईन अशी. लोक हसत. हसू दे म्हणे.

बाप भिंतीवाला होता. आता काय सांगू तुम्हाले, आजकालच्या पोरांले भिंतीवाला म्हणजे काय तेच समजत नाही, त्याईले वाटते भिंत ट्रकातून येते. काटोल रोडनं निघालं का एक फाटा लागते, त्या फाट्याच्या आतले पंधरा-वीस गावं माह्या बापानं भिंतीनं भरून टाकले होते. मातीच्या भिंती. अन् माती म्हणजे कोणतीही माती नाही. काळी माती पिकाले चांगली, भिंतीले दुश्मन, ओली झाली का फुगते, वाळली का फाटते. भिंतीले पांढरी माती लागते, जुन्या गावठाणाची, जिथं कितीक पिढ्यांचे घरं पडून पडून माती झाली ती. त्यात गव्हाचं कुटार म्हणजे भुसा टाकायचा, शेण टाकायचं, पाणी सोडायचं अन् आठ दिवस सडू द्यायचं, नाकाले झोंबला पाहिजे असा वास सुटला का मंग पायानं तुडवायचं. ते तुडवायचं काम आम्हा पोरींचं. मी सात-आठ वर्षाची होती तेव्हापासून तुडवून राहिली. मंग एक रद्दा चढवायचा, रद्दा म्हणजे थर, हातभर उंच, अन् चार दिवस त्याले हात लावायचा नाही. चार दिवस म्हणजे चार दिवस. घाई केली का खालचा रद्दा बसते.

अन् एक सांगते, लिहून घ्या. भिंत उभी होयेपर्यंत आम्ही त्या घराच्या आत. चुलीची जागा काय, देवाचा कोनाडा काय, सगळं आमच्या हातचं. अन् एकदा घरभरणी झाली का आम्ही अंगणाच्या बाहेर. पाणी पाहिजे असन तं वरून ओंजळीत. माहा बाप काही बोले नाही, औजारं धुये, पुढच्या गावाले जाये. मले राग ये. मी विचारू, बाबा तुम्ही काहून बोलत नाही, तं म्हणे तू शिकून घे पहिले, बोलायचं काम तुह्यासाठी ठेवलं आहे. शाळा सातवीपर्यंत झाली. भिंत मात्र पूरी शिकली.

लग्न झालं तं नागपूरले लागून असलेल्या वाडीले गेली. नवरा तिथं ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता, अमरावती रोडले लागून एक खोली भाड्याची, दरवाजा उघडला का समोर ट्रकाचं चाक. अकरा वर्ष काढले तिथं. मंग याच्या कमरेतला मणका सरकला, नागपुरात धंतोलीच्या डॉक्टरनं सांगितलं का आता पोतं उचलायचं नाव काढायचं नाही, तं आम्ही पोरीले घेऊन वापस गावाले आलो. तोपर्यंत सिमेंट सगळीकडं पोचलं होतं. भिंतीचं काम कोणी देईना. मंग मी तुळशीरामभाऊच्या वावरात जाऊ लागली.

तुळशीरामभाऊ म्हणजे आमच्या गावचा भाजीवाला शेतकरी, जातीनं कुणबी. तीन एकर ओलिताचं वावर, पण त्यात काय नाही असं नाही, वांगे, वाल, कोहळं, भेद्रं म्हणजे तुमचे टमाटर, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. बी त्याचं स्वतःचं, बापापासून ठेवलेलं, मडक्यात राख घालून. खोटं कायले बोलू, त्याची माय होती तोपर्यंत मी त्या घराच्या ओट्याखालीच बसत होती. माय गेली अन् दुसऱ्या महिन्यात तुळशीरामभाऊ म्हणे यशाबाई, आत या, जेवून घ्या. कोणी भाषण नाही केलं. मी गेली, जेवली. माणूस तसा आहे, कमी बोलते, उशिरा करते, पण करते.

अन् घरकुल भेटलं तेव्हा मातीचं घर मीनं माह्या हातानं पाडलं. लोकांले वाटते मले दुःख झालं असन. नाही बाप्पा. मातीचं घर म्हणजे दरसाल लिंपा, उंदीर, इंचू, भिंतीले ओल. आम्ही स्लॅबचं घर बांधलं, वर टाकी, आत फरशी, खिडकीले कूलर. पोरगी त्याच घरात अभ्यास करून नर्स झाली, आज धंतोलीतच एका दवाखान्यात आहे. मले स्लॅबची लाज नाही.

आता रिसॉर्टचं सांगते. सहा-सात वर्ष झाले असन, फाट्याच्या अलीकडं नागपूरच्या एका साहेबानं वीस एकर जमीन घेतली. शेतावरचं रिसॉर्ट होणार म्हणे, शहरातले लोक येतीन, मातीच्या घरात झोपतीन, वावरात फिरतीन. आम्हाले हसू आलं. जे आम्ही पाडलं ते हे बांधून राहिले. ठेकेदारानं जेसीबी लावला, तिथलीच काळी माती खोदली, भरभर भिंती चढवल्या, अन् उन्हाळ्यात त्या अशा फाटल्या का आरपार हात जाये. एक तं पडलीच.

त्या साहेबानं पुण्याची एक आर्किटेक्ट पोट्टी ठेवली होती, नेहा तिचं नाव. ठेकेदार म्हणे मातीत सिमेंट मिळवा. ती म्हणे नाही. ती गावात फिरत फिरत ग्रामपंचायतीच्या मागं आली, तिथं एक भिंत आहे, वर कवेलू नाही, छप्पर नाही, तीसेक पावसाळे उघड्यावर उभी आहे. तिनं लोकांले विचारलं हे कोणाचं काम. ते माह्या बापाचं काम होतं. बाप गेला होता, तं लोकांनी तिले माह्या घरी धाडलं. मी सपरीत, म्हणजे ओसरीत, लसूण सोलून राहिली होती. ती आली, खालीच बसली, म्हणे काकू, मले शिकवाल का. मीनं तिच्या पायाकडं पाहिलं, बूट होते. मीनं म्हटलं पहिले हे काढून पाहा, आठ दिवस सडलेल्या मातीत उतरता येते का तुले. उतरली. उलटी झाली तिले पहिल्या दिवशी, बाजूले जाऊन केली, तोंड धुतलं अन् वापस उतरली. मंग मीनं शिकवलं. रंजना नावाची माही भाचसून आहे, ती अन् दुसऱ्या दहा बाया, अशा अकरा जणी जमवल्या, वस्तीतल्या सहा, गावातल्या पाच. पांढरी माती आणली, सडवली, रद्दे चढवले, दोन हिवाळे-उन्हाळे लागले, चौदा घरं उभे केले आम्ही. एकही फाटलं नाही. तुम्ही मे महिन्याच्या दुपारी त्या घरात जाऊन उभे राहा, बाहेर आंग भाजून राहते अन् आत पाठीवर ओला पदर टाकल्यावाणी वाटते.

उद्घाटन झालं तेव्हा दारापाशी मोठा दगड लावला. त्याच्यावर साहेबाचं नाव, नेहाचं नाव, अन् खाली लिहिलं होतं स्थानिक हातांच्या मदतीनं. रंजनानं वाचून दाखवलं. मी म्हटलं हाताले नाव नसते काय वं? नेहानं साहेबाले विचारलंही, साहेब म्हणे बारा नावं कोण वाचते. जेवणाचा हॉल होता मोठा, पाहुण्यांसाठी. आम्हा बायांची जागा जनरेटरच्या मागं, स्वयंपाकघराच्या भिंतीले टेकून. ती भिंतही आमचीच. पण काम लागलेलं होतं, दरसाल लिंपण, पोतारणं म्हणजे वरून पातळ मातीचा हात फिरवणं, बागेतलं काम, मी चूप राहिली. सांगते ना, मीही चूप राहिली. फक्त दुसऱ्यांचंच सांगणार नाही मी तुम्हाले.

तुळशीरामभाऊचंही तसंच. रिसॉर्टले भाजी त्याच्याच वावरातून जाये, पण पाहुण्यांले सांगत का ही आमच्याच बागेतली. बाग होती तिथं, पण शहरातली लेकरं आली का कच्चे भेद्रं तोडून टाकत, बाग शनिवारपर्यंत टिके नाही. मंग तिथला मॅनेजर, तरणाच पोरगा, हॉटेलचं शिकलेला, त्यानं युक्ती काढली. दर शुक्रवारी तुळशीरामभाऊनं वावरातले तयार मुळे उपटून आणायचे, अन् रिसॉर्टच्या वाफ्यात वापस गाडून ठेवायचे, पाला वर, मुळा आत. शनिवारी पाहुणे येणार, मुळा उपटणार, फोटो काढणार. काय खुश होत लोक. तुळशीरामभाऊ दोन वर्षं ते करे, पण गाडताना तो कोणाच्या तोंडाकडं पाहे नाही. एक दिवस मले म्हणे यशाबाई, मले असं वाटते मी जमिनीशी खोटं बोलून राहिलो.

मंग आलं ते आजीचं घर. मॅनेजरनं ठरवलं का एक घर जुन्या काळासारखं सजवायचं, जातं, उखळ, चूल, अन् त्यात एक आजी बसवायची. पाहुणे येतीन, आजी भाकर थापून दाखवीन, गोष्टी सांगीन. त्याचा डोळा माह्यावर. म्हणे तुमचे पांढरे केस बहुत छान दिसतीन. नऊवारी आणली, नाकात दाबायची नथ आणली, अन् एक कागद आणला. त्याच्यावर लिहिलेलं, माहं नाव गंगाआजी, हे माह्या सासऱ्याच्या आजाचं घर, आम्ही पिढ्यानपिढ्या इथं सुखात राहतो, शहरात आम्हाले करमत नाही. मी वाचलं, हसली. अन् हो म्हटलं. हो म्हटलं मीनं. गुडघे दुखून राहिले होते, घमेलं उचलवत नव्हतं, सावलीत बसायचं काम, वाटलं नाटकच तं आहे, नाटकात कोणी राणी होते, मी गंगाआजी झाली तं काय बिघडलं.

पहिला शनिवार तसाच गेला. लोक आले, फोटो काढले, एका बाईनं माह्या पायाले हात लावला. घरी आली तं नवऱ्यानं विचारलं कसं झालं. मीनं नथ काढली तरी नाकाले ती चिमटून राहिली असं वाटे.

दुसऱ्या शनिवारी मी घरून बुद्धाचा एक लहानसा फोटो नेला. त्या घराचा कोनाडा मले रिकामा दिसे, मीनंच केलेला कोनाडा, त्यात ठेवला. मॅनेजर आला, त्यानं फोटो उचलला, त्या जागी तांब्याचा लोटा ठेवला, म्हणे आजी, हे पारंपरिक घर आहे, पाहुणे गोंधळतात. आता तुम्ही तिथं गेले असान तं पाहिलं असन, पोहायच्या टाकीपाशी त्याईनं मोठा दगडाचा बुद्ध बसवला आहे, मागून पाणी पडते, रंगीत लाईट लागते. मीनं म्हटलं साहेब, तो चालते, अन् माहा चालत नाही? तं म्हणे तो शोभेचा आहे. शोभेचा. मीनं फोटो पदरात गुंडाळला. त्या दिवशीही मी बोलली नाही, पण माह्या बापाची हाक दिवसभर कानात वाजून राहिली.

तिसऱ्या शनिवारी दहा-बारा पाहुणे होते, नागपूरचेच, बायामाणसं, लेकरं. भाकर झाली, जातं फिरवून झालं. एक बाई होती, चांगल्या घरची, गोड बोलणारी, म्हणे आजी तुमचं आडनाव काय हो? मी म्हटलं कायले पाहिजे. ती म्हणे सहजच. आता हे सहजच काय राहते ते आमच्या वस्तीतल्या लेकरालेही समजते. नाव विचारून भागलं नाही का गाव विचारतात, गाव विचारून भागलं नाही का आडनाव. मी तोंड उघडायच्या आतच मॅनेजर हसून म्हणे, पाटील, आमच्या गंगाआजी पाटील आहेत.

भाकर तव्यावर होती. मीनं ती पहिले उतरवली. मंग उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, वेळ लागला, सगळे पाहून राहिले. नथ काढली, जात्यावर ठेवली. अन् म्हटलं, जसं म्हटलं तसंच सांगते.

बाई, माहं आडनाव पाटील नाही. माहं नाव यशोधरा मेश्राम. मी दीक्षा घेतलेल्या घरची आहे. हे घर माह्या सासऱ्याच्या आजाचं नाही, त्याले असल्या घरात पाय ठेवू देत नव्हते. पण ही भिंत माही आहे. मीनं अन् अकरा बायांनी ही पायानं तुडवून उभी केली, या चौदाही घरांच्या भिंती आम्ही उभ्या केल्या. आता माह्या हातची भाकर खायची असन तं खा, नसन खायची तं ठेवा, पण दुसऱ्याच्या नावानं खाऊ नोका.

एक लहान पोरगी होती चष्मेवाली, तिनं विचारलं मंग तुम्ही राहता कुठं? मी म्हटलं स्लॅबच्या घरात, कूलर आहे माह्याकडं. मातीच्या घरात मी अर्धा जन्म राहिली, तुम्ही दोन दिवस राहा, चांगलं वाटते दोन दिवस. तो पोरीचा बाप होता तो हसला, पण वाईट नाही हसला. अन् त्यानं ताटातली भाकर तोडून खाल्ली. ती गोड बाई मात्र बाहेर निघून गेली. मॅनेजरनं मले बाजूले घेतलं, म्हणे उद्यापासून येऊ नोका. मी म्हटलं उद्या कायले, आत्ताच जाते. नऊवारी बदलून माही साडी नेसली अन् फाटकाकडं निघाली.

मीनं कोणाले बोलावलं नाही, हे लक्षात ठेवा. रंजना बागेत लिंपणाचं घमेलं घेऊन चालली होती, तिनं विचारलं काय झालं मामीबाई, मीनं सांगितलं. तिनं घमेलं जागेवर ठेवलं. तिच्या मागं दुसरीनं ठेवलं. अकराच्या अकरा जणी माह्या मागं फाटकाच्या बाहेर. वस्तीतल्या आल्या ते समजलं, गावातल्या पाच जणी आल्या ते मलेही नवीन होतं. त्यातली एक, कमलाबाई, तिच्या घरात नवऱ्यानं भांडण केलं, का त्या लोकांसाठी तू काम सोडून आली. तं ती म्हणे जनरेटरच्या मागं मीही बसत होती.

तुळशीरामभाऊ पाच-सहा दिवस आला नाही, बोलला नाही. मले वाटलं जाऊ दे, त्याची भाजी आहे. शुक्रवारी तो नेहमीसारखा मुळे घेऊन गेला. मॅनेजरनं त्याच्या हातात खुरपं देलं. तुळशीरामभाऊनं खुरपं खाली ठेवलं अन् म्हणे, साहेब, जमिनीतलं बाहेर काढायची आम्हाले सवय आहे, बाहेरचं जमिनीत गाडायची नाही. मुळे पाहिजे असन तं स्वयंपाकघरात देतो, अन् वाफ्यात पाहिजे असन तं पेरा, चाळीस-पन्नास दिवस थांबा. मॅनेजर म्हणे मंग नोका देऊ. तो टोपलं घेऊन वापस आला, माह्या सपरीत ठेवलं, म्हणे यशाबाई, उशीर झाला मले. त्या दिवशी पूऱ्या वस्तीनं मुळ्याची भाजी खाल्ली.

चार महिने गेले. सोपे गेले असं समजू नोका. बाया दुसऱ्याच्या वावरात गेल्या, कोणी वाडीच्या गोदामात पॅकिंगले गेल्या. दोन जणींनी मले तोंडावर म्हटलं का यशाबाई, तुमच्या एका शब्दानं आमचं काम गेलं. खरंच होतं. मी त्याईच्या घरी गेली, बसली, ऐकून घेतलं. पण माफी मागितली नाही. वापस तो शनिवार आला तं मी तेच बोलीन असं त्याईलेही सांगितलं.

तिकडं रिसॉर्टवाल्यानं दरसालचं लिंपण टाळायले बाहेरचे माणसं आणून भिंतींले बाहेरून प्लास्टिकचा रंग मारला. आता मातीच्या भिंतीले घाम येते, तो बाहेर पडू देला पाहिजे. त्याईनं भिंतीचं तोंड दाबून टाकलं. पावसाळ्याच्या अखेरीले तीन घरांच्या भिंतींनी पोट काढलं, एका घरात झोपलेल्या पाहुण्याच्या पलंगावर पोपडा पडला. घरं बंद ठेवा लागले. नेहाचा फोन आला पुण्याहून, रडून राहिली होती, म्हणे काकू तुम्ही जा न, पडतीन ते घरं. जीव माहाही तुटे, लेकरावाणी वाढवल्या होत्या त्या भिंती. पण मी म्हटलं तुह्या साहेबाले माह्या घराचा रस्ता माहीत असन तं पाठव.

आला. मोठी गाडी गल्लीत शिरेना, तं पायी आला, हातात मिठाईचा डबा. मी सपरीत खुर्ची टाकली, चहा केला. तो म्हणे यशोधराताई, मॅनेजरची चूक झाली. मी म्हटलं नाही साहेब, मॅनेजर नोकरीवाला माणूस आहे, तुम्हाले जे आवडते ते तो करते. तो दगड मॅनेजरनं नाही लावला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मंग म्हणे तुमचं म्हणणं सांगा. मीनं तीन गोष्टी सांगितल्या. दगडावर बारा बायांचे नावं पाहिजे, पूर्ण. जेवण हॉलमध्ये करू, सगळ्यांसोबत. अन् ते आजीचं घर बंद करा. पहिल्या दोन्हीले तो हो म्हणे. तिसऱ्याले म्हणे ते बंद नाही करता येणार, लोक त्याच्यासाठीच येतात, पण तुम्हाले बसायची गरज नाही. मी नवऱ्याकडं पाहिलं, रंजनाकडं पाहिलं. रंजना म्हणे घ्या मामीबाई, दोन तं दोन. मी त्याले म्हटलं, तिसरी मी सोडली नाही, फक्त आज मागं ठेवली.

गेलो वापस. खरवडून खरवडून तो रंग काढला, महिना लागला, एक भिंत पायापासून नवीन घ्यावी लागली. दगडावर नावं आले, कमलाबाईचं नाव चुकवलं होतं, विमला लिहिलं, ते मीनं खोडून परत कोरायले लावलं. हॉलमध्ये पहिल्या दिवशी गेलो तं वाढणारे पोरं एकमेकांकडं पाहून राहिले होते, पाहुणे समोर बसलेले, आमच्या पायाले माती. रंजनानं खुर्ची ओढली, असा आवाज झाला फरशीवर का सगळे वळले. बसली. मंग आम्ही बसलो. सांभारवडी होती त्या दिवशी, बरी होती, तिखट कमी होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

तुळशीरामभाऊही देते आता भाजी, पण मुळे गाडत नाही. दारावर पाटी राहते का या हप्त्यात काय पिकलं अन् काय नाही, अन् भाजी कोणत्या वावरातली ते. पाहुणे काही पळून गेले नाही. उलट त्याच्या वावरात पाहायले येतात, अन् तो त्याईले धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, चाला म्हणून रागावते.

आजीचं घर चालू आहे. आता तिथं दुसरी बाई बसते, दूरच्या गावची, नवरा नाही तिले. नऊवारी, नथ, सगळं. आमच्या बाया म्हणे तिच्याशी बोलू नोका. मी बोलते. तिचं पोट आहे, तिनं काय करावं मी कोण सांगणारी. फक्त तिले म्हटलं, वनिता, कोणी आडनाव विचारलं तं उत्तर तू स्वतः दे, दुसऱ्याले देऊ देऊ नोको. सध्या ती हसून टाळते. पाहू.

अन् वस्तीत आम्ही पोरांसाठी अभ्यासिका बांधून राहिलो, तिथं मीटिंग झाली, एक जण म्हणे यशाबाई आहेत तं मातीची बांधू, पेपरात येईन. मीच म्हटलं नाही, स्लॅबची बांधा. मातीचं घर शौकानं पाहिजे, मजबुरीनं नोको. मले माह्या कामाचा गर्व आहे, गरिबीचा नाही. लोकांले हा फरक समजत नाही, तुम्हाले समजला असन तं बरं.

आता साठी झाली. माती तुडवणं बंद केलं, मी रिसॉर्टातल्या निंबाखाली खुर्ची टाकून बसते अन् रंजना काम चालवते. नेहा दरसाल पोरं घेऊन येते पुण्याहून, त्याईचे बूट मी अजूनही पहिले काढायले लावते. परवाची गोष्ट सांगते अन् उठते. तोच मॅनेजर, तो आहे अजून तिथंच, तो निंबाखाली आला, उभाच राहिला. म्हणे यशोधराताई, गावाकडं आमचं घर मातीचं आहे, माय एकटी राहते, एका भिंतीनं पोट काढलं, तिले भीती वाटते. कोणी मिस्त्री भेटत नाही. तुम्ही येसान का? रंजना माह्याकडं पाहून राहिली, तिच्या तोंडावर साफ होतं का नाही म्हणा. मीनं त्याले थोडा वेळ तसाच उभा ठेवला, ते मात्र ठेवला. मंग विचारलं, रंग कोणता मारला भिंतीले? तो खाली पाहून म्हणे प्लास्टिकचा. मी म्हटलं मायले सांग, त्या खोलीत झोपू नोको म्हणा, अन् खरवडायले सुरुवात कर तुह्या हातानं. रविवारी आम्ही दोघी बसनं येतो.